मोरीजवळची तुळस

त्या दिवशी अंगणात आम्ही तिघंच होतो. मी, आमचे मालक अन् माझी नणंद सखू. आमची लहानगी काशी तापानं गेली होती. मालकांनी वृंदावनातली तुळस मुळासकट उपटली अन् मोरीकडं भिरकावली.

"दादा, पाप लागंल!" सखू ओरडली.

"लागू दे. एवढं पाणी घातलं हिला. पोर राखली का हिनं?"

त्यानंतर त्यांनी देवाला हात जोडलेच न्हाईत. पण पुढच्या पावसात मोरीच्या दगडाशी तुळस उगवली. बी पडलं असंल. तुळशीला आंघोळ करून चांगलं पाणी घालायचं असतं. हिला मिळायचं खरकटं पाणी, अन् सकाळी मालकांनी भरलेली चूळ. तरी ती वाढली, अन् बी पडून वर्षानुवर्षं तिथंच उगवत राहिली.

म्हातारपणी मालकांना खोकल्यानं धरलं. मी तिचीच पानं उकळून दिली.

"कसला पाला गं ह्यो?"

"मोरीजवळच्या तुळशीचा."

त्यांनी वाटी नाकाशी नेऊन वास घेतला. मग म्हणाले, "माझी चूळ पिऊन वाढली, अन् मलाच बरं करायला आली व्हय?" अन् सगळा काढा प्याले.

हात काही त्यांनी शेवटपर्यंत जोडले न्हाईत. त्याची चुटपुट मला अजून हाय. आज भांडी घासताना तिच्या मंजिऱ्या खरकट्या पाण्यावर वाकलेल्या दिसल्या, तवा वाटलं, रुसले होते ते मालक. देव कधी रुसलाच न्हाई.

हे वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या मोरीजवळ तुळस उगवली, तर तेवढी उपटू नका.