बंद दाराआडचा कान

कारखान्यात तपासणीच्या बाईंना पाठीमागे 'नकारघंटा' म्हणत. हे नाव कुणी ठेवले याबद्दल एकवाक्यता नाही: भांडारपाल हिशेबनिसाकडे बोट दाखवतो, हिशेबनीस भांडारपालाकडे. आपल्याला असे म्हणतात हे बाईंना मात्र पक्के ठाऊक होते, आणि कुणी चुकून तोंडावर उच्चारलेच तर त्या सरळ 'ओ' देत.

कारखान्यात धुराचा इशारा देणारे बिनतारी डबे तयार होत आणि बाई ते तपासत. त्यांनी हिरवी पट्टी चिकटवल्याशिवाय एकही डबा बाहेर पडत नसे. घरातल्या एका खोलीत धूर झाला, की तिथल्या डब्याने इतर खोल्यांतल्या डब्यांना हाक घालायची आणि सगळ्यांनी एकदम कोकलायचे, असे हे काम. ही हाक चुकू नये म्हणून जुने डबे सारखे जागे होत, 'मला कुणी बोलावलं का?' म्हणून कानोसा घेत आणि पुन्हा निजत. वर्षानुवर्षे कुणीच बोलावत नसे. बॅटरी मात्र त्या चौकशीतच संपून जाई.

कारखान्याचे मालकही आणि या यंत्राचे रचनाकारही असलेल्या साहेबांनी नव्या डब्यात निराळी युक्ती योजली. सबंध डबा झोपवला आणि एक इवलासा कान तेवढा जागा ठेवला. तो नाममात्र विजेवर तग धरी, आपल्या हाकेची खूण ओळखे आणि मगच बाकीच्या डब्याला गदागदा हलवून उठवे. युक्ती अस्सल होती, हे बाईंनाही मान्य होते. पण शेजारपाजारच्या यंत्रांच्या गलबल्याने डबा उगाच उठू नये, म्हणून साहेबांनी तो कान जरा बहिराच ठेवला होता. आणि खोक्यांवर 'बॅटरी दहा वर्षे' असे छापूनही झाले होते.

तपासणीच्या दालनात टेबलांवर मांडलेले सगळे डबे हाकेसरशी उठले. बाईंनी हिरव्या पट्ट्यांची गुंडाळी खणात टाकली आणि खण लावून घेतला.

"आता काय राहिलं?" साहेबांनी विचारले.

"भिंती राहिल्या. लोक टेबलावर राहत नाहीत, साहेब."

"माल परवा जायचाय, बाई."

"जाऊ दे की. पट्ट्या तुम्ही लावा. मग यापुढे तपासणीही तुम्हीच करा, मी घरी बसते."

ही धमकी नव्हती. बाई धमक्या देत नसत. पुढे काय होईल तेवढे सांगत.

दुसऱ्या दिवशी भिंतींची परीक्षा पाहायला साहेब बाईंच्या घरी जिने चढत होते. तळघरापासून गच्चीपर्यंत बाईंनी नवे डबे लावले होते. सर्वांत वर, लोखंडी दाराआड त्यांच्या आईची खोली. आई कानाने अधू, आणि ते दार लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. खालचा गोंगाट तिच्यापर्यंत पोचणे अशक्य. डोक्यावरचा डबा बोंबलला तरच तिला कळणार. बाईंचे सारे भांडण त्या एका खोलीसाठी होते आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

"तुम्हीच का हिचे साहेब?" आई म्हणाली. "बसा. बिस्कीट घ्या. कारखान्यातही नाहीच म्हणते ना ही? लग्नालासुद्धा नाहीच म्हणाली."

"आई!"

"मी म्हटलं, अगं, माणूस बघून तरी नाही म्हण!"

बाईंनी तळघरातल्या भावाला फोन केला. त्याने डब्यावर तपासणीच्या धुराचा फवारा मारला. लोखंडी दारातून बारीकसा कोलाहल झिरपत आला. साहेबांनी वर पाहिले. छतावरचा डबा गाढ झोपेत होता. आई बोलतच होती.

"असे वर काय बघताय? छत गळतंय का?"

साहेबांच्या हातातले बिस्कीट हातातच राहिले. "दार उघडं ठेवलं तर..."

"खोली तिची, दार तिचं. तिलाच सांगा."

"आजी," साहेबांनी आवाज चढवला, "हे दार..."

"हो हो, जाताना लावून जा हं!"

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "हाक लांबवा. सावकाश, ठसठशीत मारा. कानालाही थोडा धीर धरायला शिकवा. क्षीण हाकेचीसुद्धा ओळख पटेल त्याला."

"लांब हाक बॅटरी किती खाते, कल्पना आहे?"

"हाक मारणाऱ्याची खाईल. निजलेल्यांना काय त्याचं? आणि मारणाऱ्याच्या खोलीला आग लागलीय, साहेब. ती बॅटरी कुणासाठी जपताय?"

साहेब आणखी दोन पायऱ्या उतरले. "सगळे डबे उघडावे लागतील."

"मग उघडू."

"माल उद्या जाणार नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "जाणार नाही."

माल रखडला. गिऱ्हाइकाने साहेबांना फैलावर घेतले, साहेबांनी बाईंशी बोलणे टाकले. डबे मात्र उघडले गेले, आणि दुरुस्त झाल्यावर साहेब स्वतःहून बाईंच्या आईच्या खोलीत येऊन बसले. भावाने फवारा मारला. छतावरचा डबा क्षणभर घुटमळला आणि असा किंचाळला, की आईच्या हातातला पेला निसटला.

"बंद कर तो मेला डबा!"

साहेबांनी खिशातून हिरव्या पट्ट्यांची गुंडाळी काढून बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. पर्समधून जवळजवळ संपत आलेल्या बॅटऱ्या काढून त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवल्या.

"खोक्यावर दहा वर्षं लिहिलीत ना? मग दहाव्या वर्षाची बॅटरी घालून वाजवा."

"काय म्हणतेय ती?" आईने विचारले.

"नाही म्हणतायत, आजी!" साहेब ओरडले.

"मग बसा. बिस्कीट घ्या."