उखाच्या भिंतीवरच्या रेघा

सुरतेतल्या एका गुजराती दैनिकाच्या कागद-गोदामात उखा सतरा वर्षं हंगामी होता. हंगाम कुठला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. १९९६ च्या वर्धापनदिनी नोकरी पक्की करू, असा शेठचा शब्द होता. तो त्यांनी आधीही दिला होता, पण या खेपेला चार माणसांदेखत दिला.

उखाला गुजराती वाचता येत नसे. रिळांचा ट्रक आला की तो गोदामाच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढी. परदेशी कागदाची निळी, देशी कागदाची पांढरी. दरसाल दिवाळीच्या पाडव्याला नवी ओळ. रीळ संपताना पुठ्ठ्याच्या नळीवर उरलेला कोरा कागद त्याचा हक्काचा. तो कागद डिंडोलीला घरी जाई आणि उखाची बायको सुंदरा कापड-मार्केटमधून घडी करायला आणलेल्या साड्यांत, घडी ताठ बसावी म्हणून, घाली.

वर्धापन अंकासाठी शेठना एक आलेख हवा होता: भारत आणि पाकिस्तान यांनी दहा वर्षांत किती किमतीचा वृत्तपत्री कागद बाहेरून आणला. मथळा त्यांनी आधीच ठरवला होता, ‘वाचनात भारताची भरारी’. मथळा तयार असला की आकडे आपणहून रांगेत उभे राहतात. ललित नावाच्या नव्या उपसंपादकाने आलेख काढला. पाकिस्तानची रेघ खाली सरपटत होती, भारताची शेवटी ताडकन उठली होती. शेठ इतके खूश झाले, जणू सीमेवर स्वतः लढून आले.

शेजारी गोदामाचा फोटो हवा म्हणून ललित तिथे आला. उखाने आलेख हातात घेतला.

“ही शेंड्याची जागा कोणत्या सालची?”

“पंचाण्णवची, काका.”

उखाने भिंतीकडे बोट केलं. “मंग आपली ओळ आखूड कशी?”

त्या सालच्या निळ्या रेघा पाच होत्या, आधीच्या सालच्या अकरा. पेपरची पानंही सोळाची बारा झाली होती.

“आलेख किमतीचा आहे, काका, वजनाचा नाही. जगभर कागद महागला. थोडा घेतला तरी पैसे जास्त गेले.”

“महाग पडलं त्याले भरारी म्हणतात व्हय?”

ललित प्रामाणिक होता आणि नोकरीत नवा होता. दोन्ही खोडी एकाच वयात असतात. तो उखाला शेठच्या केबिनकडे नेऊ लागला. पक्कं व्हायला चार दिवस उरले होते, उखा गोदामाच्या दारातच थांबला. पण सतरा वर्षांत त्याच्या भिंतीचा हवाला पहिल्यांदाच कुणी देणार होतं.

शेठनी ऐकून घेतलं. “अब गोदाम की दीवार हमको अर्थशास्त्र शिकवेगी?” मग ते एकदम मऊ झाले. “पण उखाभाई, माल सचमुच आधा आया?”

“आध्याहून कमी, शेठ. एकबी रेघ खोटी नही.” उखाची छाती फुगली होती.

“बहु सरस,” शेठ म्हणाले आणि चहा मागवला. उखाला केबिनमध्ये मिळालेला तो पहिला चहा.

अंक निघाला. मथळा तोच, आलेख तोच. खाली रिळाला टेकलेल्या उखाचा फोटो, ‘भरारीचा मूक साक्षीदार’. भिंतीला पाहुण्यांसाठी चुना लावून झाला होता. कार्यक्रम आटोपल्यावर शेठनी उखाला बाजूला घेतलं. माल निम्म्याहून कमी येतो, हे त्याच्याच तोंडून कळलं होतं. तेव्हा गोदामाला आता अर्ध्या दिवसाचा माणूस पुरे. हंगामीच.

सुंदराने साडीची घडी थांबवून अंक उजेडात धरला. मजकूर तिलाही वाचता येत नव्हता, फोटो येत होता.

“फोटूमा तुम्ही आख्खा दिसतस,” ती म्हणाली. “कामवर मातर अर्धाच उरनात.”

मग तिने ते पान नीट दुमडून बाजूला ठेवलं. छापलेला कागद साडीत चालत नाही, शाई लागते.