नित्याला मराठी कळत नाही

माझं तोंड फटकळ आहे. आमच्या छत्रात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा प्रसाद मिळालेला आहे. पण त्या शनिवार-रविवारी मी तोंडाला कुलूप लावून बसले, कारण दोन बायकांची जन्मभराची मैत्री माझ्या एका वाक्यानं मोडली असती. न बोलून ती वाचली का, ते तुम्हीच ठरवा.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन चेन्नईत आले ती तंजावरी मराठी घरात. माझी मराठी ऐकून सासरची माणसं गालात हसायची आणि त्यांची ऐकून मी पदर तोंडाला लावायचे. आमचे हे, भीमसेनराव, जॉर्ज टाउनमधल्या समाजाच्या छत्राचे व्यवस्थापक. छत्र म्हणजे धर्मशाळाच म्हणा ना. घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, दिवसभर हातगाड्यांचा कल्ला, पण खोल्या स्वच्छ आणि भाडं नावापुरतं. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. नियम मात्र जुनेच. खोली फक्त आपल्या लोकांना. बरोबर कामाचं माणूस असेल तर त्यानं मागच्या पडवीत झोपायचं आणि पंगत उठल्यावर जेवायचं. हा नियम कोणी केला असं विचारलं की सगळे भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींकडं बोट दाखवतात. तसबिरी काय बोलणार, त्यांचं बरं असतं.

त्या शनिवारी सकाळी तंजावरहून रात्रीच्या गाडीनं दोघीजणी आल्या. दोघी पन्नाशीच्या. एक गोरीपान, ठेंगणी, हसरी. दुसरी उंच, काळीसावळी, दोन्ही खांद्यांवर दोघींच्या पिशव्या घेतलेली.

"कोणाकडच्या तुम्ही? गोत्र कोणतें?" ह्यांनी विचारलं. खोली देण्याआधी हे दोन प्रश्न ठरलेले.

"दत्ताजीरावांची धाकटी सून मी, कामाक्षी. शाळेंत शिकवतें," हसरी म्हणाली आणि गोत्रही सांगितलं. दत्ताजीरावांचं नाव ऐकून आमचे हे खुर्चीतून अर्धे उठलेच.

"आणीक ह्या?"

कामाक्षीनं मैत्रिणीकडं पाहिलं. तिच्याकडं बघून ती छान हसली, आणि तेच हसू तोंडावर ठेवून ह्यांना मराठीत म्हणाली, "ही नित्या. आमच्या घरीं कामास असते. माझा गुडघा दुखतो म्हणून सोबतीस आणलें."

लगेच वळून तिनं नित्याला तमिळमध्ये सांगितलं, "तू माझी मैत्रीण आहेस असं सांगितलं गं. पण खोली एकच आहे आणि तीही एका माणसापुरती. तू मागं पडवीत झोपशील ना? तिथं वारा चांगला असतो."

नित्या "सरी" म्हणाली. तमिळमध्ये सरी म्हणजे ठीक आहे.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. देवाच्या कोनाड्याखाली समई तेवत होती आणि नित्याच्या साडीचा पदर अगदी ज्योतीजवळ लोंबत होता. मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्यांचा पदर समईत जाईल." ह्यांनी मान वळवायच्या आत नित्यानं पदर आवरून घेतला. खाली पाहिलंसुद्धा नाही. मी मराठीत बोलले होते, आणि हळू बोलले होते.

तिची नि माझी नजर मिळाली. बाईला अक्षर न् अक्षर कळलं होतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या कामाक्षीला याचा पत्ताच नव्हता.

दुपारी मला टी. नगरच्या बाजारात जायचं होतं. कामाक्षी म्हणाली, "अक्का, आम्ही पण येतों. फुकटच्याच बसनें जायचें हां." बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळं दोघींनी सगळी सहल त्या बसवरच बेतली होती. शनिवारी टी. नगर नुसतं बघायचं, रविवारी सकाळी देऊळ, दुपारी छत्रात जेवण, संध्याकाळी समुद्र आणि मग रात्रीची गाडी. नित्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. लहानपणी दोघींनी एकत्र बघायचा ठरवला होता, म्हणे. मग कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या सासूचं आजारपण, असं करत तो राहूनच गेला.

बसमध्ये गर्दी होती. नित्याला खिडकीशी जागा मिळाली आणि आम्ही दोघी तिच्यामागं बसलो. मी कामाक्षीच्या कानाशी लागून म्हटलं, "तुम्ही ऑफिसात जे सांगितलंत ते बरं नाही केलं."

ती काही कानाशी लागली नाही. मोकळ्या आवाजात म्हणाली, "काय करूं अक्का? लॉजचें भाडें दिलें असतें तर ट्रिप तेथेंच संपली असती. आणीक खरें सांगितलें असतें तर राव तिला दारांतून आंत घेते कां? एक रात्रीचा प्रश्न. तिला कळलेंच नाहीं, तर तिचें काय गेलें?"

"हळू बोला. कळत असेल तिला."

"नित्याला?" कामाक्षी हसली. "आमच्या ओसरीवर बसून अभ्यास करायची ती, तरी मराठीचें एक अक्षर येत नाहीं. आमची अम्मा तिच्यासमोर काय वाटेल तें बोलायची. बेफिकीर बोला तुम्ही."

मी पुढच्या सीटकडं पाहत राहिले. नित्याची मान जराही हलली नाही. माणूस झोपलेला असला तरी बसच्या हिसक्यानं मान हलते हो. ही ताठ बसली होती. मला कामाक्षीचा राग आला, आणि लगेच कीवही आली, कारण ती मैत्रिणीवर जीव टाकत होती हे खोटं नव्हतं. तिला खिडकीची जागा हिनंच भांडून मिळवून दिली होती. डब्यातल्या इडल्यांतल्या न मोडलेल्या तेवढ्या तिला दिल्या होत्या. हे सगळं एकाच बाईच्या पोटात कसं मावतं कोण जाणे.

टी. नगरात उतरल्यावर नित्यानं आम्हा दोघींच्या हातांतल्या पिशव्या काढून घेतल्या आणि आमच्या मागून चालू लागली. बरोबरीनं नाही, मागून. साड्यांच्या दुकानात कामाक्षीनं तिला हाक मारली तर मागूनच म्हणाली, "वरेन, अम्मा." आले, अम्मा. इकडं कामाच्या बायका मालकिणीला अम्मा म्हणतात. कामाक्षी खळखळून हसली. "बघा, चेष्टा करते माझी!" दुसऱ्यांदा अम्मा म्हटलं तेव्हाही हसली, पण कमी. दुकानाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही गारेगार जिगरठंडा प्यायलो, तेव्हा नित्या उभी राहून प्यायली. "बस की गं," कामाक्षी म्हणाली. "असू दे, अम्मा." त्यानंतर कामाक्षीचं बाजारात लक्ष लागलं नाही. परतीच्या बसमध्ये ती मला दोनदा म्हणाली, "दमली असेल."

रविवारी पहाटे मी उठले तर मागचं अंगण झाडून सडा घातलेला. नित्या खाली बसून कोलम काढत होती, आपली रांगोळीच ती. झाडायला बाई येते आमच्याकडं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "का छळून घेतेस स्वतःला?"

तिनं उत्तर दिलं ते तमिळमध्ये. हातातलं पीठ खाली सोडत सोडत, वर न बघता बोलत राहिली. तिच्या वडलांची कामाक्षीच्या घरासमोर चहाची टपरी होती. घरी दिवा नसायचा, म्हणून ही त्यांच्या ओसरीवर येऊन अभ्यास करायची. घरातली माणसं आत-बाहेर करताना मराठीत बोलायची आणि पोरीच्या कानांना काय झाकण असतं? कळू लागलं. कळतंय असं सांगितलं तर ओसरी बंद होईल, ही भीती होती, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही. पुढं त्याच अभ्यासावर वीज मंडळाच्या कचेरीत नोकरी लागली. नवरा सोडून गेला, मुलाला, कुशलला, एकटीनं वाढवलं, आता तो कोइमतूरला शिकतो. कामाक्षीचा नवरा इस्पितळात होता तेव्हा ह्याच बाईनं कचेरीतून परस्पर तिथं जाऊन रात्री काढल्या. या सगळ्यात तिनं मराठीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

"मी सांगू का तिला?" मी विचारलं.

"नको, अक्का. गाडीला अजून वेळ आहे. ती आपणहून सांगते का ते मला बघायचंय." मग तिनं वर पाहिलं. "तेवढंच बघायचंय."

झालं. देवळातून दोघी परत येईपर्यंत माझं सार दोनदा उतू गेलं.

बाराला पंगत बसली. केळीची पानं, भात, वरण, डांगर, अंबट भाजी. कामाक्षी मधल्या पानावर बसली होती. तिच्या शेजारी श्रीलक्ष्मीबाई म्हणून पेरुंगुडीच्या एक होत्या, सुनेच्या नोकरीमुळं घरात कामाचं माणूस टिकत नाही म्हणून दिवसभर कुरकुरणाऱ्या. नित्या मागच्या दाराशी उभी होती, हातात कामाक्षीच्या हात धुण्याच्या पाण्याचा तांब्या. पाणी द्यायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. कामाक्षीचं घासावर लक्ष नव्हतं. ती दाराकडं बघायची, पानाकडं बघायची, पुन्हा दाराकडं. आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत होतं. भाताचं पातेलं घेऊन मी तिच्यासमोर नको तितका वेळ उभी राहिले.

श्रीलक्ष्मीबाई मराठीत म्हणाल्या, "तुमची बाई चांगली दिसते हो. सकाळीं अंगण काय झाडलें! अशी कोठें मिळते?"

सगळी पंगत ऐकत होती. आमचे हे तूप वाढता वाढता थांबले. कामाक्षीनं माझ्याकडं पाहिलं आणि मी डोळ्यांनी तिला अक्षरशः विनवलं. सांग. तुझी मैत्रीण आहे म्हणून सांग. फार तर आमचे हे आदळआपट करतील आणि दोघींना पिशव्यांसकट बाहेर काढतील. रात्र तर सरलीच आहे, खोली हवीय कोणाला आता?

कामाक्षीनं खाली पाहिलं. भात कालवत म्हणाली, "आमच्याकडे पुष्कळ वर्षें आहे ती. विश्वासाची आहे."

"पुष्कळ वर्षें," दारातून आवाज आला. "खरें आहे तें."

मराठीत. आमच्या सासूबाई बोलायच्या तशी जुनी, गोल तंजावरी मराठी. आमच्या नातवंडांना ती येत नाही, ह्यांनी डोकं फोडलं तरी येत नाही. नित्यानं तांब्या खाली ठेवला आणि ती पडवीतून आपली पिशवी आणायला गेली.

कामाक्षीचा हात पानावरच राहिला. तिच्या तोंडावरचा रंग उडताना मी पाहिला. मग ती भरल्या पानावरून उठली. पंगत चालू असताना मधेच उठणं आमच्याकडं फार वाईट समजतात. "अहो, पंगतींतून उठूं नये," आमचे हे म्हणत राहिले. ती पुढच्या दाराकडं धावली. मी पाण्याचा तांब्या उचलून तिच्या मागोमाग गेले.

नित्या पिशवी घेऊन बोळातून पुढं आली होती आणि उंबऱ्याबाहेर चपला घालत होती.

"तुला कळतें?" कामाक्षीनं विचारलं.

"तुमच्या ओसरीवर वाढलें. कां कळूं नये?"

"मग आमची अम्मा बोलायची तें..."

"सगळें. हिचा पेला वेगळा ठेवा म्हणायची, तें. तुझा भाऊ माझ्या रंगावरून बोले, तें. तुझ्या लग्नांत मी पुढें बसलें तर तुझी सासू काय बोलली, तेंही."

कामाक्षी रडू लागली. "मग येत कां राहिलीस गे आमच्याकडे?"

"तूं बोलत नव्हतीस म्हणून." नित्याचा आवाज चढला नाही. "मी कान देऊन ऐकायचें, कामाक्षी. लहानपणापासून ऐकायचें. सगळे बोलत, आणीक आतां हीही बोलेल म्हणून वाट बघायचें. तूं कधीं बोलली नाहींस. माझ्यासमोर नाहीं, पाठीमागें नाहीं. काल सकाळपर्यंत नाहीं."

मग ती पुन्हा तमिळमध्ये बोलली, रोजच्या आवाजात. समुद्रावर एकटी जाऊन येते म्हणाली. दोघींची तिकिटं तिच्याकडंच आहेत, स्टेशनवर गाडीच्या वेळेला भेटू. कामाक्षीनं तिला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार, आणि कोणत्या भाषेत?

हातगाड्यांमधून वाट काढत नित्या गल्लीच्या टोकाला गेली आणि वळली. कामाक्षी उष्टा हात तसाच धरून उभी होती. मी तांब्या पुढं केला, पण तिनं हात पुढं केला नाही.