थर्माकोलची थडगी

हे मंजिरीला, माझ्या बायकोला, माहीत नाही. इथे परदेशात, टूनगॅबीत, आमच्या घरी गणपतीला जेवून जाणाऱ्या कुणालाच माहीत नाही. माहीत आहे फक्त दोघांना – मला आणि माझ्या धाकट्या भावाला, निखिलला. पण आम्हीही आपसांत त्याबद्दल एक शब्द कधी काढलेला नाही. आज तुम्हाला सांगतो आहे.

आधी सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत. ऑक्टोबरातली शनिवारची दुपार, हॅलोवीनला आठवडा बाकी. तेव्हा सात वर्षांच्या असलेल्या इराला, आमच्या मुलीला, घरापुढच्या लॉनवर कबरस्तान हवं होतं. गल्लीत दोन घरांपुढे आधीच होतं. मी म्हणालो, दुकानातून आणू. निखिल म्हणाला, "मखर करणाऱ्यांनी थडगी विकत आणायची? लाज काढशील, दादा!"

गणपतीचं मखर आम्ही दोघं गॅरेजमध्ये करायचो. फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतलं थर्माकोल जपून ठेवायचं आणि लाकडी चौकटीत ताणलेल्या तारेने कापायचं. वीज दिली की तार तापते आणि थर्माकोल आवाज न करता कापलं जातं. त्या दुपारी ती तार निसटली, निखिलच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली. मी त्याला वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नेलं.

यातली दुपार खरी आहे. बोटं खरी आहेत. तार निसटली नव्हती.

पुण्यात मी एका दैनिकात उपसंपादक होतो. निधनवार्ता माझ्या टेबलावरून जायच्या. त्यामुळे थडग्यांवरचा मजकूर साहजिकच माझ्याकडे आला. समोरच्या घरातल्या केव्हिनचं थडगं मी केलं – 'गवताशी झुंजताना निधन. पश्चात तीन लॉनमोअर असा परिवार.' केव्हिनने कुंपणाशी येऊन भाषांतर करून घेतलं आणि पोट धरून हसला. इराला ते पटलं नाही. "बाबा, मेक इट स्केअरी ना!" म्हणाली. मग ती आणि मंजिरी चॉकलेटं आणायला गेल्या. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच राहिलो.

निखिल माझ्याकडे पाठ करून पाचवं थडगं कोरत होता. झाल्यावर त्याने ते वळवलं.

"दादा, ही तुझी बातमी. एडिट कर."

वर माझं नाव होतं. खाली – 'पश्चात पत्नी, मुलगी व भाऊ असा परिवार. आईच्या अंत्यविधीसाठी यांना रजा मिळाली नाही.'

इथे मागचं थोडं सांगायला हवं. त्या दुपारच्या दोन वर्षं आधी आई पुण्यात गेली. इथल्या ऑफिसने रजा नाकारली, असं मी निखिलला फोनवर सांगितलं. तो एकटा गेला, अग्नी त्याने दिला, दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझ्या वतीने तोच उत्तरं देत राहिला. मी रजा मागितलीच नव्हती. त्या शनिवारच्या आधी, एका बार्बेक्यूत, माझ्याच ऑफिसातला एक जण त्याला सहज बोलता बोलता सांगून बसला – मागितली असती तर त्याच दिवशी मिळाली असती.

तो ओरडला असता तर? शिव्या दिल्या असत्या तर? त्याने तसं केलं नाही. हातातलं थडगं माझ्यापुढे धरून म्हणाला, "चूक असेल तर खोड ना."

मी ते ओढून घेतलं आणि त्याच्या तोंडावर फोडलं. थर्माकोलने काय लागणार? पांढरे कण उडाले, त्याच्या केसांत अडकले. तो हसला. म्हणून मी त्याच्या पोटात लाथ घातली. तो कळवळून टेबलाशी वाकला, आधारासाठी उजवा हात टेकला. तो हात चौकटीच्या शेजारी होता. तारेची वीज चालू होती.

इथपर्यंत रागाच्या भरात झालं, असं म्हणता येईल. पण यापुढचं? – मी आधी तारेकडे पाहिलं. ती तापलेली आहे हे पाहिलं. मग त्याचं मनगट धरलं, बोटं तारेवर आणली आणि दुसऱ्या हाताने वरून दाबली. तो "दादा!" म्हणाला. त्यानंतर नुसती किंकाळी आली. मी दाबून धरलं होतं. त्याचे गुडघे वाकले, तो खाली जायला लागला, तरी मी हात वर धरून ठेवला होता. सोडला तो वास आल्यावर. कीव आली म्हणून नाही. वास सहन झाला नाही म्हणून.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, कसं झालं? प्रश्न त्याला होता. उत्तर मी दिलं. तार निसटली, आणि हा लहानपणापासून वेंधळाच आहे, असं म्हणालो. दुसऱ्या वाक्याची गरज होती का? निखिलने माझ्याकडे बघितलं आणि नर्सकडे वळून होकारार्थी मान हलवली. का हलवली, ते मी आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारेला चिकटलेली कातडी ब्लेडने खरवडली, तीच तार तापवून इरासाठी आणखी एक थडगं कापलं. पाचही थडगी लॉनवर लावली. मुलं आली, फोटो निघाले.

निखिल तेव्हा दातांच्या लॅबमध्ये कॅप बनवायचा. तांदळाएवढ्या खाचा हाताने कोरायचं काम. ती तीन बोटं आता पुरती मिटत नाहीत. ते काम गेलं. तो टूवूंबाला गेला, तिथे एका गोदामात कामाला असतो. आणि मी? मी त्या दुपारचा विनोद केला. कुणाकडे जेवायला गेलो की सांगतो – "आमचा निख्या थडगं करता करता थडग्यात जायचा!" लोक हसतात. निखिल असला तर तोही हसतो. इरा त्याला 'क्लम्झी काका' म्हणते. ते नाव तिला माझ्याकडून मिळालं.

या वर्षी आम्हाला मुलगा झाला. बाळ तीन आठवड्यांचं असताना निखिल टूवूंबाहून दिवसभर गाडी चालवून आला. हात धुतले, दोन्ही हात पुढे केले. मंजिरीच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती म्हणाली, "थांब हं निखिल, आधी सोफ्यावर बस. मांडीवर उशी घे, मग देते. तुझा काही भरवसा नाही बाबा." इरा ओरडली, "काका, डोन्ट ड्रॉप हिम!"

निखिलने हात खाली घेतले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सोफ्यावर जाऊन बसला.

उशी मी आणून दिली.