पन्नासची लेन्स आणि बापूरावांची भावकी

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला लग्नात नाव नसते. त्याला ‘ओ फोटोवाले’ म्हणून हाक मारतात, शेवटची पंगत उठता उठता त्याच्या जेवणाची आठवण होते, आणि सगळा मांडव ज्या फोटोंत मावतो त्यांत तो एकटा कुठेच नसतो. साईनाथ इंगोले यांनी हे सारे तारुण्यापासून पन्नाशीपर्यंत बिनतक्रार सोसले. वाशीमकडचे गाव सोडून ते पुण्याला आले, कला शाखेची पदवी घेतली, त्या पदवीला कोणी विचारीना म्हणून हाती कॅमेरा धरला, आणि कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर भाड्याच्या गाळ्यात स्टुडिओ थाटला. थाटला हा शब्दही जरा मोठाच झाला. एक पांढरा पडदा, एक निळा पडदा आणि उजेडाच्या दोन छत्र्या, एवढाच तो थाट.

त्यांचा जुना कॅमेरा एका साखरपुड्यात, अंगठ्या बदलण्याच्या क्षणीच, कायमचा मिटला. दुरुस्तीवाल्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ‘आता याला शांती द्या’ म्हणून परत दिला. नव्या काळात आरसा नसलेले कॅमेरे आले होते. साईनाथांनी तसा एक जुन्या बाजारातून मिळवला. मिळाली ती नुसती बॉडी, लेन्सशिवाय. घरी कपाटात आयुष्यभर जपलेल्या लेन्स होत्या, पण कंपन्यांनी कॅमेऱ्याचे तोंडच बदलून टाकलेले. जुनी लेन्स नव्या तोंडाला बसेना. मधे एक कडे घालून बसवली, तर फोकस होईपर्यंत नवरा हार घालून मोकळा. माणसाची जन्माची पुंजी एका रात्रीत निरुपयोगी करायला दरोडेखोर लागत नाही, एक नवे मॉडेल पुरते.

खिशात ऐपत होती ती एकाच लेन्सची. आणि वेळ अशी आली होती की त्या एका लेन्सवर गाळा राहणार की जाणार हे ठरायचे होते.

ही वेळ आणली बापूरावांनी. लोणी काळभोरच्या बाजूचे हे बागायतदार. त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात साईनाथांनी भावकीचा जो फोटो काढला होता, तो बापूरावांच्या बैठकीत दारासमोर टांगलेला होता. तीन रांगा, आणि प्रत्येक चेहरा टाकसाळीतून काढल्यासारखा स्वच्छ. आता धाकट्या प्रियदर्शनीचे लग्न ठरले होते.

“साईनाथराव,” बापूराव म्हणाले, “त्या फोटूत समदी हायेत, फकस्त आमचा चुलता दत्तूआबा न्हाई. रस्त्यात जमीन गेली, पैका आला, आन् चुलत्या-पुतण्याचं बोलनं बंद झालं. औंदा पाच पंच मधी पडलेत. आबा येतो म्हनलाय. मला ह्या लग्नातला भावकीचा फोटू मोठा करून भिंतीला लावायचाय. गावानं बघितला पायजे की काळीज एक झालं. येवढं नीट करा, म्होरं भावकीतली समदी लग्नं तुमची.”

त्या समद्या लग्नांत साईनाथांच्या गाळ्याचे येत्या वर्षाचे भाडे होते. गाळ्याचे मालक पटवर्धन यांनी तो एका केकवाल्याला दाखवून ठेवलाच होता. ‘तुमचं जमलं तर तुम्ही, नाही तर ते. मला दोघेही सारखेच’, असे ते समोरासमोर, चष्मा पुसत पुसत म्हणाले होते.

मग सुरू झाला लेन्सचा शोध. साईनाथांची लेक सृष्टी हिने त्यांना मोबाइलवर परीक्षणे लावून दिली. ती त्यांनी जेवताना पाहिली, चहा पिताना पाहिली. प्रत्येक परीक्षणात एक तरुण मनुष्य आपल्या मांजराचा फोटो काढून ही लेन्स घेतलीच पाहिजे असे सांगे, आणि पुढच्या परीक्षणात दुसरा तरुण आपल्या मांजराच्या आधारे ती मुळीच घेऊ नका असे बजावे. भावकीचा फोटो यांच्यापैकी कोणी काढलेला नव्हता.

अखेरीस दोन लेन्स उरल्या. एक साधी झूम: जवळचे, लांबचे, सगळे घेणारी, पण तिचे छिद्र लहान, उजेड कमी घेई, त्यामुळे मांडवात फ्लॅश हवाच. दुसरी पन्नास मिलिमीटरची: झूम नाही, पुढे-मागे माणसानेच चालायचे, पण तिचे छिद्र मोठे, मिणमिणत्या दिव्यातही चेहरा उजळ येई आणि मागचे सगळे लोण्यासारखे विरघळून जाई.

त्यांची पत्नी सत्यशीला वैतागली. ती एवढी वर्षे पुण्यात राहिली, पण घरात बोलायची वऱ्हाडीच.

“अहो, पोरीचं स्थळ पाहून राह्यले का तुमी? भिंगच घ्याचं हाय ना? मंग काहून एवढं?”

“स्थळ परत करता येतं, सत्यशीला. लेन्स नाही.”

“मंग जुन्या फोटोसारखा फोटो ज्याच्यानं निघते, ते घ्या नं!”

सल्ला सरळ होता, म्हणूनच तो त्यांना पटला नाही. शिवाय मधे प्रियदर्शनी आली. ती हिंजवडीत नोकरी करी. तिने व्हिडिओ कॉलवर कुणा मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो दाखवले. त्यात नवरी तेवढी दिसत होती आणि सारे नातेवाईक रंगीत ठिपके झाले होते.

“काका, मला एक्झॅक्टली हा लुक हवाय. आणि प्लीज, नो फ्लॅश हं! फ्लॅश मारला की लग्न निवडणूक ओळखपत्रासारखं दिसतं.”

साईनाथांना हे लागले, कारण ते खरे होते. आपण जुने झालो, ही धास्ती माणसाला पन्नाशीत पोखरू लागते. तिच्यावर औषध म्हणून तो नेमकी तरुणांची चूक करतो.

बुधवार पेठेतल्या दुकानात त्यांनी दोन्ही लेन्स आळीपाळीने लावून पाहिल्या. काउंटरमागचे आगाशे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “घ्यायचीय की ओळख करून घेताय?”

“आपलं मत काय? लग्नासाठी कोणती बरी?”

“लग्न आपलं आहे का?”

“नाही.”

“मग ज्याचं आहे त्याला विचारा. माझं मत फुकट आहे, म्हणून मी ते देत नाही.”

साईनाथांनी पन्नासची घेतली. बापूरावांना विचारायचे त्यांच्या मनातही आले नाही. बापूरावांना लेन्समधले काय कळणार, असे त्यांना वाटले.

लग्न सोलापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होते. व्यासपीठावर जांभळे दिवे, गुलाबी धूर आणि प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेले खांब. पन्नासने खरोखर जादू केली. प्रियदर्शनीची मेंदी, नथ, खाली झुकलेल्या पापण्या... साईनाथांना वाटले, आपण आजवर फोटो काढत नव्हतो, नुसती हजेरी घेत होतो. या आनंदात दत्तूआबा कधी आले, त्यांना फेटा कोणी बांधला, पुतण्याने वाकून नमस्कार केला तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडावर काय उमटले, यातले काहीही त्यांनी टिपले नाही. ते नथीच्या मोत्यावर फोकस लावीत होते.

अक्षतांच्या आधी भावकी उभी राहिली. पुढच्या रांगेत मधली खुर्ची दत्तूआबांसाठी राखून ठेवली होती. बापूराव स्वतः हात धरायला गेले.

“आबा, या की म्होरं. मान तुमचा हाय.”

“मान र्‍हाऊ दे तुझ्यापशीच. मी हितं बरा हाय,” म्हातारा म्हणाला, आणि तिन्ही रांगांच्या मागे, फुलांच्या खांबापाशी, एकटाच उभा राहिला. त्याच्यामागे त्याची बायको सरुबाईही यायला निघाली, तर तिला त्याने हातानेच बायकांच्या रांगेत धाडले. तो आला होता, पण किती आला ते त्याचे त्यानेच ठरवले होते. या मुलखात हा हिशेब सगळ्यांना कळतो. म्हणून कोणी आग्रह वाढवला नाही.

साईनाथांचा हात पिशवीतल्या फ्लॅशकडे गेला. प्रियदर्शनीने लांबूनच नकाराची मान हलवली. छिद्र लहान करावे तर फोटो काळा पडत होता. मोठे ठेवावे तर जेवढे खोलवर स्पष्ट येते तो पट्टा अरुंद होऊन मागची माणसे पुसट येणार, हे त्यांना पाठ होते. विसरले असते तर निदान क्षमा तरी होती. पण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सारे लख्ख दिसत होते. बापूरावांच्या चेहऱ्याभोवती फोकस लागल्याचा हिरवा चौकोन घट्ट बसला होता. साईनाथांनी कॅमेऱ्यावर विश्वास ठेवला. चारदा बटण दाबले. अक्षता पडल्या, आणि दत्तूआबा न जेवता निघून गेले.

घरी मोठ्या पडद्यावर फोटो उघडला तेव्हा पुढची रांग काचेसारखी होती, दुसरी बरी, तिसरी कशीबशी. आणि खांबापाशी एक केशरी फेटा आणि त्याखाली ओल्या बोटाने पुसल्यासारखे काहीतरी. चारही फोटोंत तसेच. ज्या एका माणसासाठी फोटो काढायचा, तो एकच माणूस त्यात नव्हता.

“बाबा, एवढं काय टेन्शन घेताय?” सृष्टी म्हणाली. “फेस एनहान्स करू ना. दोन मिनिटांचं काम आहे.”

तिने कुठल्याशा एआय प्रणालीला तो डाग खायला घातला, आणि क्षणात त्या फेट्याखाली एक चेहरा उगवला. गंभीर, सुरकुतलेला, दोन्ही डोळे टपोरे, मिशीचा केस न् केस वेगळा. इतका सुंदर चेहरा त्या रांगांत दुसरा नव्हता.

“हे असेच दिसतात का पण?” सत्यशीलाने विचारले.

साईनाथ पाहत राहिले. जन्मभर चेहरे पाहण्याचेच काम केलेल्या या माणसाला दत्तूआबांचा चेहरा आठवेना. बापूरावांना फोन करून खरे सांगावे, असे एकदा त्यांच्या मनात आले. मग गाळा आठवला, पटवर्धनांचा चष्मा आठवला. “असेच असतील,” ते म्हणाले, आणि फोटो छपाईला गेला.

लेक-जावई जेवायला येणार होते त्या दिवशी बापूरावांनी भावकी पुन्हा बोलावली. दत्तूआबाही आले, या खेपेला जेवायला थांबतो असे कबूल करून आले. साईनाथांनी पोचती केलेली भिंतीएवढी फ्रेम चादरीने झाकली होती, आणि तेही बाजूला उभे होते. बापूरावांनी चादर ओढली. वाहवा झाली. मग एकेक जण आपापले तोंड शोधू लागला, आणि सरुबाईंनी बोट लावले.

“ह्यो कोन?”

“आबाच की,” कोणीतरी म्हणाले.

“आमच्या मालकांचा डोळा कुटं हाय?”

साईनाथांनी तेव्हा प्रथमच दत्तूआबांकडे, लेन्सविना, नीट पाहिले. म्हाताऱ्याची डावी पापणी कायमची मिटल्यासारखी लोंबत होती. कधीतरी उसाचे पाते लागले असावे. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती पापणी ठाऊक होती. एक जावई फसकन हसला. “आबा, शहरात जाऊन डोळा बसवून आला काय?” हशा पिकला.

दत्तूआबा हसले नाहीत. ते फ्रेमपाशी गेले, वाकून बघितले.

“माज्या जागी दुसरा उबा केला व्हय, बापू?” ते हळू म्हणाले. “मग मला कशापायी बलावलं? त्यालाच जेवू घाला.”

आणि त्यांनी चपला घातल्या. सरुबाई पदर सावरत मागोमाग गेल्या. कोणी अडवले नाही. सगळ्यांचे अडवायचे हात पंचांच्या बैठकीतच वापरून संपले होते.

साईनाथ काहीबाही बोलले. तांत्रिक अडचण म्हणाले, उजेड म्हणाले, पुन्हा एकदा मोफत फोटो काढून देतो म्हणाले.

बापूरावांनी आवाज चढवला नाही. त्यांनी चादर उचलून पुन्हा फ्रेमवर टाकली, अंगावर पांघरूण घालावे तशी. “काडाल वो तुमी,” ते म्हणाले. “त्यो परत उबा र्‍हाईल व्हय?”

प्रियदर्शनी दारात उभी होती. तिचे फोटो अप्रतिम आल्याचे ती सांगणार होती. ती आत गेली आणि मांडलेली दोन ताटे उचलून ठेवली.

आठवड्याभरात फ्रेम एका टेम्पोतून कोथरूडला परत आली. सोबत निरोप नव्हता. भावकीतल्या पुढच्या लग्नांचे फोन आले नाहीत, आणि येणार नाहीत हे साईनाथांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. पन्नासची लेन्स घेऊन ते आगाशांकडे गेले. आगाशांनी ती उजेडाला धरली.

“उत्तम आहे. ओरखडा नाही. का विकताय?”

“माणसं नीट येत नाहीत.”

“मग दोष लेन्सचा नसेल,” आगाशे म्हणाले आणि अशी किंमत बोलले की साईनाथांनी लेन्स पुन्हा पिशवीत ठेवली.

गाळा सोडायच्या दिवशी केकवाला मापे घ्यायला आला होता आणि पटवर्धन किल्लीसाठी उभे होते. पडदे, छत्र्या, सगळे हलले. राहिली ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली फ्रेम. रिक्षात ती मावेना, घरात तेवढी भिंत नव्हती, आणि पंधराएक जिवंत माणसांचे चेहरे कचऱ्याच्या गाडीत टाकायला साईनाथांचा हात होईना.

पटवर्धनांनी ती सरळ केली, चष्मा पुसला आणि वाकून पाहिले.

“फोटो छान आहे हो. हे मागचे गृहस्थ तर फारच रुबाबदार. कोण हे?”

“कोणी नाही,” साईनाथ म्हणाले, आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.