पहिल्या पंगतीतलं ताट

५ मार्च. मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढायला बसले. पाच किलो मिरच्या आणि हात दोनच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे काम आम्ही दोघी जावा मिळून करायचो. आता धाकटी इंदापूरला राहते आणि आमचं बोलणं बंद आहे.

काम करताना पुण्यातलं ते हॉटेल आठवत राहिलं. माझ्या मुलीनं आम्हा दोघींसाठी दोन दिवस खोली घेतली होती. "फक्त तुम्ही दोघी या, पुरुषमाणसं नकोत," असं तिनं बजावलं होतं. तरी बारामतीजवळच्या आमच्या कोऱ्हाळ्याहून निघताना धाकटीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत भरलीच.

संध्याकाळी खाली जेवायला गेलो. टेबल मोकळं व्हायला वेळ होता, तोवर बारपाशी बसा म्हणाले. तिथल्या उंच स्टुलावर धाकटी चढली खरी, पण तिचे पाय जमिनीला टेकेनात.

"अक्का, माळ्यावर बसल्यागत वाटतंय. आबांनी बघितलं तर?" आबा म्हणजे आमचे सासरे.

"आबा एवढंच विचारतील, लिंबू सरबताला एवढा मोठा ग्लास कशाला."

ती हसली आणि सरबत तिच्या नाकात गेलं.

मग टेबल मिळालं, जेवण आलं. समोर वाफाळती रोटी, आणि आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून गप्प बसलेल्या. आमच्या घरात सगळ्यांची जेवणं उरकल्यावर बायका बसतात. बावीस वर्षं आम्ही तशाच जेवलो, बहुतेक वेळा गार. वेटरला वाटलं काही चुकलं.

"काही कमी आहे का, मॅडम?"

"न्हाय वो," धाकटी म्हणाली, "बाकीच्यांचं व्हायचंय अजून."

त्यानं दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. मग हसू आवरेना.

"अक्का, गरम असताना अशी लागती व्हय रोटी?" ती पहिल्या घासाला म्हणाली. जेवण झाल्यावर तिनं सवयीनं ताटांवर ताटं रचली, रुमालानं टेबल पुसलं आणि ती सगळं उचलून निघाली. वेटर धावत आला.

"राहू द्या वो. तुमीबी दमला असाल, ठेवते की मोरीत," ती त्यालाच समजावू लागली.

पुढच्याच वर्षी तिच्या नवऱ्यानं इंदापुरात दुकान टाकलं, घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण तिनं मला फोनवर दिलं. थोरल्या जावेला घरी येऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन बोलवायचं असतं. मी गेले नाही. सहा महिन्यांनी मुलीकडून कळलं, की धाकटीनं पहिल्याच पंगतीत माझं ताट मांडलं होतं आणि शेवटच्या पंगतीपर्यंत त्या जागेवर कुणाला बसू दिलं नव्हतं. ते ऐकूनही मी तिला फोन केला नाही. तिनं करावा असं वाटत राहिलं.

बारामतीत आता चांगली हॉटेलं झालीत. मुलगा नेतो, मी जाते, गरम जेवते. पण रोटी आली की समोरच्या खुर्चीकडे नजर जाते आणि माझा हात क्षणभर मांडीवरच राहतो. त्या थांबण्यातली गंमत समजणारी एकच बाई आहे आणि ती दीड-दोन तासांवर राहते.

अडीच किलो झाल्या तशी मी उठले. उरलेल्या मिरच्या तशाच ठेवल्या.

६ मार्च. सकाळी निवडलेल्या मिरच्या एका पिशवीत, उरलेल्या दुसरीत भरल्या आणि बारामतीहून इंदापूरची एसटी पकडली. फोन केला नाही. दार तिनंच उघडलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पिशव्यांकडे.

"अर्ध्याच निवडल्यात व्हय, अक्का?"

"अर्ध्या तुझ्या हायेत," मी म्हटलं. "परात आण."