डेझीची पाठ

खरं सांगायचं तर त्या झाडाला मी कंटाळलो होतो. झाड म्हणजे तरी काय, वीतभर. मुरबाडच्या एका नर्सरीतून आणलेलं, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, लाल फुलांचं. नर्सरीवाला आधी डेझी म्हणाला, मग जरबेरा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, एक काय ते ठरव आणि दे.

हौस बायकोची. मागच्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली आणि डावी मांडी मोडून बसली. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, डॉक्टर म्हणाले, बाई चालायला लागतील. बाई काही लागल्या नाहीत. शेणवे गावाजवळच्या आमच्या घरात मधल्या खोलीत लोखंडी खाटेवर ती पडून, आणि मी तिच्या मागं. चहा, गोळ्या, भांडं, परत चहा. सकाळी शेजारची वहिनी येऊन तिची आंघोळ उरकायची, बाकी सगळं माझ्या गळ्यात. जन्मभर या रस्त्यांवर बस चालवली, पण इतका कधी दमलो नव्हतो.

अंगणात तिची शेवंती होती. ती आता वहिनीच्या शेळ्या सांभाळत होत्या, म्हणजे खात होत्या. काठी घेऊन धावता धावता माझा जीव जायचा. म्हणून तिनं घरात वाढेल असलं फूलझाड मागितलं. मी आणलं आणि वर ऐकवलंही. वास नाय, केसांत माळता येत नाय, देवाला कोण वाहत नाय, मग करायचंय काय याला?

"बघायचंय," ती म्हणाली.

आता बघायचं तर उजेडात ठेवायला हवं, आणि त्या खोलीला खिडकी एकच, दक्षिणेची. कुंडी तिथं ठेवली. खाटेचं डोकं पूर्वेला, त्यामुळं खिडकी तिच्या डाव्या हाताला यायची आणि त्या कुशीवर तर तिला होताच येत नव्हतं. मान वळवून वळवून बघायची बिचारी. त्यात त्या फुलांची तोंडं बाहेर, उन्हाकडं. घरात फक्त पाठ. हिरवी, केसाळ पाठ. मी कुंडी फिरवायचो, फुलं तिच्याकडं करायचो, की चार दिवसांत देठ वाकवून पुन्हा बाहेर. तुला आणलं कोणासाठी आणि तू बघतंयस कोणाकडं, असं मी त्याला चक्क बोलायचो. रागारागात पाणीही जास्त व्हायचं. मग खाटेवरून हुकूम यायचा, मधे ओतू नका, कुजेल, कडेनं घाला.

एका दुपारी कुंडी फिरवताना एक फूल माझ्या हातात तुटून आलं. ते पेल्यात घालून तिच्या उशाशी ठेवलं. म्हटलं, घे, आता तरी तोंड तुझ्याकडं आहे.

तिनं त्याच्याकडं बघितलं न बघितलं. "त्याला कशाला फिरवता?" ती म्हणाली. "मला फिरवा. ते जिकडं बघतंय तिकडं मला पण बघू द्या."

म्हणजे खाट वळवायची. म्हणजे पाय दक्षिणेला. मी असा भडकलो की विचारू नका. दक्षिणेला पाय करून आपल्यात कोण झोपतं? यमाची दिशा ती. वहिनीला सांगितलं, तीही म्हणाली, असलं अभद्र काय करू नका भावजी. मला तेवढंच हवं होतं. घरात दुसरं माणूस नाही, मुलगी कल्याणला तिच्या संसारात. ही गेली तर मी कोणाशी भांडू? ती भीती माझ्या पोटात होती आणि मी तोंडानं रीतभात सांगत होतो.

तिनं पुन्हा विषय काढला नाही. चहा मागायची बंद झाली. भाकरी अर्धी राहायला लागली. मी म्हटलं, रुसलीय, रुसू दे, उतरेल राग. पण ती रुसली नव्हती. रुसली की ती भांडी आपटते, आता आपटायला भांडी नव्हती तरी निदान बोलली असती.

एकदा वरणभात भरवायला मी खाटेवर तिच्या उशाशीच बसलो. एरवी स्टुलावर बसतो, तिच्याकडं तोंड करून. त्या दिवशी ती बघते तिकडं माझं तोंड झालं. समोर भिंत. पोपडे आलेली, त्यावर एक कॅलेंडर आणि खुंटीला माझा जुना खाकी शर्ट. मी तसाच घास हातात धरून बसलो. पावसाळ्यापासून ही बाई हेच बघत होती, आणि मी तिच्यासाठी फुलांची मुंडकी पिरगाळत होतो.

जेवण झाल्यावर खाट वळवली. एकट्यानं. आधी डोक्याकडून, मग पायाकडून, अरुंद गल्लीत बस वळवावी तशी मागं-पुढं करत. तिला कळ लागली असणार, दोन्ही हातांनी तिनं खाटेच्या कडा धरल्या होत्या. उशीखाली गोधडीची घडी सरकवली. पाय खिडकीकडं, दक्षिणेला. पायांच्या पलीकडं डेझी, आमच्याकडं पाठ करून.

तिचे एकटीचे पाय यमाकडं, मला ते बघवेना. मी आपली चटई आणली, खाटेला लागून जमिनीवर अंथरली आणि तिच्यासारखेच पाय तिकडं करून आडवा झालो. म्हटलं, येणार असेल तर दोघांकडं येऊ दे.

खालून मला कुंडीचं बूड आणि खिडकीचे गज एवढंच दिसत होतं.

"काय दिसतंय गो?" मी विचारलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग सांगायला लागली. आंब्याची एक फांदी सुकलीय म्हणाली. बांधावर कोणीतरी लाल छत्री उन्हात वाळत घातलीय. आणि वहिनीची शेळी आलीय, शेवंतीला लागलीय.

मी सवयीनं उठायला लागलो. तिनं खाटेवरून हात खाली सोडला, माझ्या खांद्यावर ठेवला.

"खाऊ दे," ती म्हणाली. "दमलाय तुमी. पडा जरा."